गावठी अंडं, थर्मामीटर आणि आजी: नोंद ५

पांढरं धरेल पण बलक वाहता राहील, इतकंच अंडं किती मिनिटं उकडायचं, हे मागच्या नोंदीत अडलेलं हाफ बॉईलचं गणित सुटलं. पण ते जिच्यासाठी मांडलं होतं, त्या आजीला तसं अंडं द्यायचंच नाही असं आता ठरवलंय.

आधी थर्मामीटर. सुईवाला डिजिटल. बर्फाच्या पाण्यात ०.४ दाखवतो, उकळत्या पाण्यात बरोबर १००. वेंगुर्ल्यात किनाऱ्यावर राहण्याचा हा फायदा. घाटमाथ्यावरच्या आंबोलीकरांनी माझे आकडे तसेच उचलू नयेत. वर तुमच्याकडे पाणी ९८ च्या जरा आतच उकळतं. मी अंड्यात सुई खुपसताना बघून आजी म्हणाली, "अंड्याक ताप इलो काय रे?"

अंडी घरच्या खुराड्यातली, ३८ ते ४२ ग्रॅम. बाजारातलं अंडं ५५ च्या आसपास. सुरुवातीला मी इथेच फसत होतो, कारण "सहा मिनिटं" सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते मोठं अंडं असतं. वेळ वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने बदलतो: ५६ ग्रॅमला १० मिनिटं लागत असतील तर ४० ग्रॅमला साधारण ८.

आतला खेळ असा. पांढऱ्यातलं एक प्रथिन ६१-६२ अंशांनाच गोठायला लागतं, पण त्यातलं सगळ्यात जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन ८० च्या आसपास धरतं. बलक ६५ ला दाटतो, ७० ला घट्ट होतो. म्हणजे बाहेरून ८० आत सरकतंय आणि मध्यात अजून ६५ झालेलं नाही, तेवढ्यात अंडं काढायचं. माझ्याकडे उकळत्या पाण्यात साडेपाच मिनिटं. काढल्या काढल्या बलकात सुई घातली, ५८. दिसायला सुरेख, केशरी, वाहता.

पण तो ५८ आकडाच नंतर डोक्यात बसला. साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) फक्त टरफलावरच्या घाणीतून येतो अशी माझी समजूत होती. कोंबडीच्या अंडाशयातच तो असेल तर टरफल चढण्याआधीच अंड्यात असतो, मग वरून कितीही पुसा. ७१ अंशांना तो लगेच मरतो. ५७ च्या आसपास सव्वा तास धरूनही अख्खं अंडं पाश्चराइझ करतात (न शिजवता आतले जंतू मारतात), म्हणून तेही करून पाहिलं. गॅस बारीक, टोपात पाणी, मी स्टुलावर. पारा ५४ वर, मग ६३ वर, पुन्हा खाली. तासाभराने पांढरं दुधासारखं गढूळ झालं आणि आत नेमकं काय मेलं याचा भरवसा शून्य. हे यंत्राचं काम आहे, चुलीचं नाही. धडधाकट माणसाने हाफ बॉईल खावं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. आजी ८१ वर्षांची आहे.

तेव्हा आता लक्ष्य मध्यात ७१, आणि त्याच्या फार पुढे नाही. ४० ग्रॅम, फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं, थेट उकळत्या पाण्यात, ८ मिनिटं. सुईने खात्री केली की लगेच बर्फाच्या पाण्यात, नाहीतर अंडं आतल्या आत शिजत राहतं. आई रश्श्यासाठी वीस मिनिटं उकडते, तेव्हा बलकाभोवती हिरवट कडं येतं. ते विष नव्हे: पांढऱ्यातून सुटलेला हायड्रोजन सल्फाइड आणि बलकातलं लोह एकत्र येऊन झालेलं आयर्न सल्फाइड. गंधाने मात्र जेवणावरचं मन उतरतं.

सोलण्याचं रडगाणं सगळ्यांचंच. आजचं अंडं आज उकडलं की टरफलाबरोबर अर्धं पांढरं जातं. ठेवलं की छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरं अल्कधर्मी होतं, आतला पापुद्रा सुटतो. फ्रिजात आठवडाभर, वर पेन्सिलीने तारीख. ठेवण्याआधी धुवायचं नाही, वरचं नैसर्गिक आवरण जातं. कोरड्या फडक्याने पुसायचं.

तारीख का, तर गेल्या आठवड्यात खुडूक कोंबडीखालचं एक अंडं चुकून टोपलीत आलं. वाटीत फोडलं तर बलकावर लाल शिरांचं जाळं. आता प्रत्येक अंडं अंधारात टॉर्चवर धरून बघतो.

काल आजीला ८ मिनिटांचं दिलं. सुरीने कापलं, बलक ओलसर, लोण्यासारखा, पण वाहत नव्हता. तिने बोटाने दाबून पाहिला.

"कच्चा पण नाय, दगड पण नाय. मीठ हाड (आण)."