जुन्या गाडीच्या स्कॅनरवर लॅम्डा दिसेल का?

मला येणारा प्रश्न थोड्याफार फरकाने असाच असतो: "गाडी जुनी आहे, पण ओबीडी पोर्ट आहे. स्कॅनर लावला की आरपीएम, पाण्याचं तापमान, फ्यूएल ट्रिम सगळं दिसतं. हवा-इंधन मिश्रणाचा खरा आकडा, म्हणजे लॅम्डा, तेवढा दिसत नाही. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवला तर तोही त्याच पोर्टवर, त्याच स्कॅनरमध्ये दिसेल का?"

दिसेल. मात्र विचारणाऱ्याचा बहुतेक वेळा असा समज असतो की सेन्सर बसवला, वायर जोडली, की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, तो वाचणार आणि पोर्टवर पाठवणार. तसं होत नाही. ईसीयूला त्या सेन्सरचा पत्ताच नसतो. आकडा पोर्टवर आणतो तो वेगळा छोटा डबा. तो ईसीयूच्या शेजारी त्याच वायरींवर बसतो आणि त्याच्या वाट्याचा प्रश्न आला की स्वतः उत्तर देतो. एवढं लक्षात घेतलं की पुढच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात.

आधी, मुळात हा खटाटोप कशासाठी? जुन्या पेट्रोल गाड्यांत असतो तो नॅरोबँड सेन्सर. बॉशने तो १९७६ साली व्होल्वोच्या गाडीतून बाजारात आणला आणि पुढची कित्येक वर्षं सगळ्यांनी तेच तत्त्व वापरलं. झिर्कोनियाच्या एका बाजूला एक्झॉस्टचा वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकातून तयार होणारं व्होल्टेज. मिश्रण रिच (इंधन जास्त) असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, लीन (हवा जास्त) असेल तर ०.१. मधे, लॅम्डा १ च्या आसपास (इंधन पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढीच हवा म्हणजे लॅम्डा १; त्याखाली रिच, वर लीन), आलेख कड्यावरून कोसळतो. ईसीयूला तेवढंच हवं असतं: ०.४५ च्या वर गेलं की इंधन कमी कर, खाली आलं की वाढव. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खूश ठेवायला हे पुरतं.

पुरत नाही ते पूर्ण थ्रॉटलला. समजा दुसऱ्या गिअरमध्ये पेडल तळाला टेकवलंय. ४००० आरपीएमला लॅम्डा ०.८७ आहे, म्हणजे छान. इंधनपंप म्हातारा झालाय म्हणून ५५०० ला तो ०.९८ वर येतो, म्हणजे इंजिनाला घातक. नॅरोबँड दोन्ही वेळा ०.८ च्या वरच काहीतरी दाखवतो आणि स्कॅनर बघणारा म्हणतो, "रिच आहे, काळजी नाही." फ्यूएल ट्रिमही (सेन्सर बघून ईसीयू इंधनात करतो ती टक्केवारीतली दुरुस्ती) इथे कामाला येत नाही, कारण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ओपन लूपमध्ये असतो, सेन्सरचं ऐकतच नसतो. ही घसरण दिसते फक्त वाइडबँडवर. आणि ती डॅशबोर्डवरच्या वेगळ्या गेजवर दिसून फारसा फायदा नाही, कारण त्या दोन सेकंदांत तुमची नजर रस्त्यावर असते, असायलाच हवी. आकडा आरपीएमच्या शेजारी, त्याच लॉगमध्ये, त्याच घड्याळावर नोंदला गेला पाहिजे. पोर्टवर आणायचं ते एवढ्यासाठी. नुसती हौस असेल तर गेज लावा आणि मोकळे व्हा.

वाइडबँडमध्ये नॅरोबँडसारखाच एक कोष असतो, पण त्याच्या जोडीला ऑक्सिजन ओढणारा किंवा ढकलणारा पंप कोष असतो. कंट्रोलर पंपातला करंट सतत कमीजास्त करून मोजणाऱ्या कोषावर ४५० मिलिव्होल्ट टिकवून धरतो. त्यासाठी किती करंट लागला, त्यावरून लॅम्डा. म्हणून नुसता सेन्सर विकत घेऊन भागत नाही, कंट्रोलर लागतोच. बॉशचा एलएसयू ४.९ हा सध्या सर्रास मिळणारा सेन्सर. त्याच्या सिरॅमिकचं तापमान ७८० अंश सेल्सिअसच्या आसपास राखावं लागतं आणि ते कामही कंट्रोलरच करतो.

आता पोर्ट. सोळा पिनांचा तो चौकट सगळ्या गाड्यांत सारखा दिसतो, पण आतली भाषा वेगळी असते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. कॅन बस (गाडीतल्या संगणकांना जोडणारी दोन वायरींची वाट) मात्र अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. मधल्या काळातल्या गाड्यांत काहींना पिन ७ वरची के-लाइन, काहींना पिन २ वरची, किंवा २ आणि १० वरची, जे१८५० आणि काहींना ६ आणि १४ वरचं कॅन. डबा घेण्याआधी स्कॅनरमध्ये प्रोटोकॉलचं नाव बघून घ्या. कॅनसाठी बनवलेला डबा के-लाइनच्या गाडीत शोभेलाही लावता येणार नाही.

कॅनवर गोष्ट सगळ्यात सरळ आहे. स्कॅनर ७डीएफ या पत्त्यावर सगळ्यांना उद्देशून विचारतो: ०२ ०१ २४. दोन बाइट, मोड १, पीआयडी २४. पीआयडी म्हणजे हव्या त्या आकड्याचा क्रमांक, आणि इथले हे सगळे क्रमांक, पत्ते आणि बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेले आहेत. पीआयडी २४ हा वाइडबँडचा लॅम्डा आणि व्होल्टेज सांगण्यासाठी प्रमाणातच राखून ठेवलेला आहे. ३४ ला व्होल्टेजऐवजी करंट. जुनी गाडी स्वतःचा सेन्सर १४ वर सांगते, २४ बद्दल ती गप्पच राहते. ही रिकामी जागा आपला डबा घेतो आणि उत्तर देतो: ०६ ४१ २४ ८० ०० आणि पुढे व्होल्टेजचे दोन बाइट. यातले ८० ०० म्हणजे लॅम्डा बरोबर १. आलेल्या सोळा बिटांच्या संख्येला ३२७६८ ने भागायचं, बस्स. ७० ०० आलं तर ०.८७५, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशेबात हवा-इंधन प्रमाण १२.९ च्या जवळ.

डब्याने उत्तर स्वतःच्या वेगळ्या पत्त्यावरून द्यायला हवं. इंजिनाचा ईसीयू ७ई८ वरून बोलतो, गिअरबॉक्सचा बहुधा ७ई९ वरून. ७ईएपासून ७ईएफपर्यंतचा एखादा मोकळा पत्ता डब्याला द्यायचा. एकाच पत्त्यावरून दोघे बोलले तर मग जे काही होईल त्याला बस जबाबदार नाही.

इथे बरेच जण अडकतात. डबा लावला, सगळं नीट, तरी स्कॅनरच्या यादीत लॅम्डा नाही. कारण स्कॅनर सुरुवातीला पीआयडी ०० विचारून ३२ बिटांचा नकाशा घेतो: कोणकोणते पीआयडी मिळतात त्याचा. त्यातला शेवटचा बिट म्हणजे "पुढचा नकाशा पीआयडी २० वर आहे". जुन्या ईसीयूचा तो बिट बऱ्याचदा शून्य असतो, त्यामुळे २४ पर्यंत स्कॅनर पोचतच नाही. चांगला डबा ०० लाही आपल्या पत्त्यावरून ०० ०० ०० ०१ असं उत्तर देतो, मग २० ला १० ०० ०० ००, म्हणजे "माझ्याकडे फक्त २४ आहे". जो डबा हे करत नाही त्याच्यासाठी फोनवरच्या ॲपमध्ये पीआयडी हाताने घालावा लागतो. टॉर्कसारख्या ॲपमध्ये ती सोय आहे. हातात धरायच्या साध्या स्कॅनरमध्ये सहसा नसते.

के-लाइनवर हे सगळं एका वायरवर आणि १०,४०० बॉड इतक्या संथ गतीने चालतं. सुरुवातीला स्कॅनर ५ बॉडने ३३ हा पत्ता पाठवून ईसीयूला जागं करतो आणि ईसीयू ५५ ने सुरुवात करून ओळख देतो. या ओळखपरेडमध्ये डब्याने तोंड उघडायचं नसतं. पुढे आपला पीआयडी आला की तेवढंच बोलायचं. नियमाने उत्तराआधी आणि दोन प्रश्नांच्या मधे थांबावं लागतं, त्यामुळे सेकंदाला सहा-सात उत्तरं मिळाली तर नशीब. सहा पीआयडी लॉगला लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम एक. म्हणून के-लाइनच्या गाडीत आरपीएम, थ्रॉटल आणि लॅम्डा एवढंच ठेवा. पाण्याचं तापमान त्या दोन सेकंदांत कुठे पळून जात नाही. शिवाय वायूला सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेव्हा लॉगमधला लॅम्डा थोडा आधीच्या क्षणाचा असतो. कमी आरपीएमला ही तफावत जास्त.

वायरिंगच्या दोन गोष्टी. पोर्टच्या पिन १६ वर बॅटरी कायम चालू असते. डब्याचा मेंदू त्यावर चालवा हवं तर, पण सेन्सरचा हीटर नाही. इंजिन बंद असताना तापलेल्या सिरॅमिकवर पाइपातलं साठलेलं पाणी उडालं की ते तडकतं, आणि बॅटरी उतरते ती वेगळीच. हीटरसाठी स्वतंत्र रिले घ्या आणि त्याचा ट्रिगर इंधनपंपाच्या रिलेवरून, म्हणजे इंजिन फिरतं तेव्हाच तो तापेल. उलट, कंट्रोलर बंद ठेवून सेन्सर एक्झॉस्टमध्ये ठेवणंही तितकंच वाईट. थंड सेन्सरवर काजळी बसते.

दुसरी गोष्ट ग्राउंडची, आणि ती तुमचा कंट्रोलर ० ते ५ व्होल्ट देणारा असेल आणि डबा ते व्होल्टेज मोजून पीआयडी बनवत असेल तर. समजा ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० हवा-इंधन प्रमाण. हीटरचा करंट ज्या ग्राउंडमधून जातो त्याच ग्राउंडवर मोजमाप केलं आणि ५० मिलिव्होल्टचा फरक पडला, की आकडा ०.१ ने हलला. जमत असेल तर कंट्रोलर आणि डबा यांच्यात डिजिटल जोडणी घ्या. मात्र कॅनवर बोलणारा कंट्रोलर परस्पर गाडीच्या बसला जोडू नका. त्याची गती गाडीच्या ५०० किलोबिटशी जुळत नसेल तर तो चुकांचा भडिमार करून सगळी बस आडवी करतो, डॅशबोर्डवरचे दिवे एकदम पेटतात आणि माणूस घाबरतो. बॅटरी काढून पिन ६ आणि १४ मधे मीटर लावा: ६० ओहम यायला हवेत. ४० आले तर डब्यातला टर्मिनेटर (बसच्या टोकाला लावायचा रोध) चालू राहिलाय, तो काढा.

आणि आकडा आला म्हणजे खराच असेल असं नाही. सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी हवा, टर्बो असेल तर टर्बाइनच्या नंतर, आणि आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर तिरका, म्हणजे त्यात पाणी साठत नाही. त्याच्या आधी कुठे पाइप गळत असेल तर बाहेरची हवा आत येते आणि आयडलला मिश्रण लीन दिसतं. एक सिलिंडर मिसफायर होत असेल तरी लीनच दिसतं, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. ते बघून कोणी इंधन वाढवत बसतं आणि प्लग काळे करून घेतं.

डबा निवडताना मी एक गोष्ट आवर्जून विचारते: सेन्सर तापत असताना हा पोर्टवर काय पाठवतो? काही डबे अशा वेळी ८० ०० पाठवतात, म्हणजे लॅम्डा १, म्हणजे सगळं आलबेल. असा डबा फुकट मिळाला तरी मला नको. गप्प बसणारा किंवा उघडउघड अशक्य आकडा देणारा चालेल.

लॉगमध्ये लॅम्डाच ठेवा, १४.७ च्या भाषेत भाषांतर करू नका. सेन्सर मोजतो लॅम्डा. १४.७ हा शुद्ध पेट्रोलचा गुणक आहे, १० टक्के इथेनॉल मिसळलं की तो १४.१ च्या आसपास येतो. लॅम्डा १ म्हणजे कोणत्याही इंधनाला १.

यावर हमखास येणारा उपप्रश्न: "मग मूळ सेन्सर काढून वाइडबँडच ईसीयूला दिला तर?" जुन्या ईसीयूचा सगळा हिशेब त्या ०.४५ च्या उडीवर बांधलेला आहे. सरळ चढणारं व्होल्टेज दिलं तर तो गोंधळतो. काही कंट्रोलरमध्ये नकली नॅरोबँड आउटपुट असतं, त्यावर गाडी चालते. पण एक्झॉस्टमध्ये सेन्सर बसवायची दुसरी कडी वेल्ड करायला जागा असेल तर मूळ सेन्सरला हात लावू नये असं माझं मत. तो आहे तिथे राहिला तर दोघांची तुलना होते. हलक्या लोडवर ट्रिम अधिक १२ टक्के आणि वाइडबँडवर लॅम्डा १ असेल, तर मूळ सेन्सर शाबूत आहे आणि ईसीयू कुठली तरी तूट भरून काढतोय: व्हॅक्युम लीक, कमी इंधनदाब किंवा मळलेला हवा मोजणारा सेन्सर. तोच ट्रिम आणि लॅम्डा ०.९ असेल, तर मूळ सेन्सर खोटं बोलतोय, किंवा त्याच्याजवळ पाइप गळतोय.

उत्सर्जन तपासणीला जाण्याआधी डबा पोर्टवरून काढून ठेवा. तपासणीचं यंत्र पीआयडी ०० ला उत्तर देणाऱ्या सगळ्यांची नोंद घेऊ शकतं, आणि गाडीच्या मूळ यादीत नसलेला पत्ता तिथे दिसला की त्याचा खुलासा तुम्हालाच करत बसावं लागेल.