दिसलं आणि सोडून दिलं, त्याचे गुण कुठे?

'द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड' या शिकारीच्या व्हिडिओ गेममध्ये हरीण पडलं की तुम्ही चालत त्याच्याजवळ जाता, एक बटण दाबता, आणि पडद्यावर त्याच्या आतल्या हाडा-आतड्यांचं चित्र येतं. गोळी कुठून शिरली, कुठली बरगडी फोडून गेली, काळजाला लागली, फुफ्फुसाला लागली की पोटात घुसली, सगळं लालभडक रेषेने आखून दाखवलेलं. बाजूला प्रगतिपुस्तक. जनावराच्या आकाराला साजेसं काडतूस वापरलं का? गोळ्या किती झाडल्या? चटकन मेलं की तडफडत गेलं? पोटात गोळी मारलीत तर गुण कापले जातात, जुलाबाला औषध दिल्याच्या कोरडेपणाने. मग दुसरं बटण दाबायचं. पैसे जमा होतात आणि हरीण नाहीसं होतं. कातडं सोलायचं नाही, मांस वाहायचं नाही, रक्ताने हात बरबटत नाहीत.

माझा भाचा अकरावीला आहे आणि हा खेळ आम्ही दोघं खेळतो. ताईला ते अजिबात पसंत नाही. "खोटी का असेनात, पण दिवसभर जनावरं मारत बसायचं, आणि तूही त्याच्या जोडीला!" असं ती जेवायला वाढता वाढता म्हणाली. भाच्याचं उत्तर तयार होतं: "आई, हा सगळ्यात एथिकल शिकारीचा गेम आहे. नीट नाही मारलं तर मार्क्स जातात." दोघांचंही मला पटलं नाही. का पटलं नाही, ते जेवणाच्या ताटावर सांगण्याइतकं सोपं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. प्रत्येक खेळाने नीतीचं ओझं वाहावं असं माझं म्हणणं नाही. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी कॅसेट घालायचा टीव्ही गेम होता त्यांना 'डक हंट' आठवत असेल. निन्टेन्डोचा १९८४ चा खेळ. प्लास्टिकची बंदूक टीव्हीवर रोखायची, बदकं फडफडत वर जायची, नेम चुकला की गवतातून कुत्रं डोकं काढून खिदळायचं. (ती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबवरच चालायची. आजच्या सपाट टीव्हीसमोर तिचा काही उपयोग नाही, नाहीतर मी अजून कपाटातून काढली असती.) तिथे कोणी बदकांचा विणीचा हंगाम विचारला नाही, विचारण्याचं कारणही नव्हतं. तो जत्रेतल्या फुगे फोडण्याचाच प्रकार होता.

पण जो खेळ वाऱ्याची दिशा मोजतो, पाणवठ्यावर जनावर कुठल्या वेळी येतं ते ठरवतो, रक्ताच्या थेंबांवरून जखम कुठे असेल ते सुचवतो, तो 'हे असंच असतं' असा दावा करत असतो. आणि भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार राहिलेलीच नाही. म्हणजे आपल्याकडच्या पोरांना शिकार म्हणजे काय याची जी काही ओळख होते ती अशाच खेळांतून. ती अर्धवट असेल तर बोलायला हवं.

माझ्या ओळखीची शिकार वेगळी. आईचे मामा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कुडाळजवळच्या एका गावात राहायचे. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. माझ्या लहानपणी ती फक्त दोन कामांसाठी खाली निघायची: दसऱ्याला पूजेसाठी आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करण्यासाठी. पण १९७२ च्या आधीच्या त्यांच्या गोष्टी भरपूर होत्या. दारू मोजून ओतायची, वर काथ्या, गजाने ठासायचं, मग शिसं, पुन्हा काथ्या, पुन्हा गज, शेवटी ठिणगी पाडणारी केप. एवढं करून मिळणार एकच बार. चुकला तर डुक्कर तुम्ही दुसरा भरेपर्यंत थांबत नाही, आणि चिडलं तर तुमच्याच अंगावर येतं. त्यामुळे आबा वीस-पंचवीस पावलांच्या आत जनावर आल्याशिवाय बार काढायचेच नाहीत. रात्र रात्र बसून सकाळी हात हलवत परत येण्याच्या गोष्टी त्यांच्याकडे जास्त होत्या, आणि त्या ते अधिक रंगवून सांगायचे.

बार लागल्यानंतरचा त्यांचा एक नियम मला पाठ आहे. "बार लागलो म्हणान लगेच धावा नको. ईडी संपासर हयसरच बस." म्हणजे विडी संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. जखमी जनावर मागे कोणी लागलं नाही तर थोड्या अंतरावर जाऊन बसतं. धावलात तर ते जीव खाऊन पळतं, आणि मग ना तुम्हाला सापडत ना सुखाने मरत. आबांना भूतदयेचा पुळका वगैरे नव्हता. दारूगोळा महाग होता आणि मांस वाया घालवणं परवडत नव्हतं. डोक्याला बॅटरी बांधून, डोळे चमकवून, दिपून उभ्या राहिलेल्या भेकरावर बार टाकल्याचंही ते तितक्याच मजेत सांगत. जगभरच्या शिकारी मंडळींत हा प्रकार हलका समजतात, बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच बंद आहे. भाच्याचा खेळ या बाबतीत आबांपेक्षा सोवळा आहे हे मान्य करायला हवं.

शिकारीची लिहून ठेवलेली नीती तशी फार जुनी नाही. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला. जनावराला निसटायची खरी संधी हवी, हे तत्त्व या क्लबने पुढे शिकाऱ्यांच्या गळी उतरवलं. १९०२ मध्ये मिसिसिपीत त्याच्या सोबत्यांनी अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं आणि त्याने गोळी घालायला नकार दिला, ही 'टेडी बेअर'ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढचं सहसा सांगत नाहीत. ते अस्वल आधीच कुत्र्यांशी झुंजून घायाळ झालं होतं, त्याचे हाल संपवायला रूझवेल्टनेच सांगितलं आणि ते सुरीने मारण्यात आलं. मला ही गोष्ट पूर्ण सांगितलेलीच आवडते, कारण जखमी जनावराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिथे उभा राहतो. तो टाळला की काय होतं याचा आपल्याकडचा दाखला चंपावतची वाघीण. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये तिला मारलं तोवर तिच्या नावावर ४३६ माणसं होती. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले निघाले. कोणीतरी कधीतरी बार टाकून घरी निघून गेला होता.

'कॉल ऑफ द वाइल्ड' स्वीडनच्या कंपनीचा आहे. स्वीडनमध्ये मूस, हरीण असल्या जनावरांच्या शिकारीला निघताना माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत जागेवर पोहोचेल अशी सोय असावीच लागते, कायदाच आहे तसा. खेळातही माग काढणारा कुत्रा मिळतो. वेगळे पैसे भरून. तिकडे जे केल्याशिवाय बंदूक उचलता येत नाही, ते इकडे हौशी लोकांसाठीचं जादा पॅकेज! भाच्याने ते घेतलेलं नाही. जखमी होऊन निसटलेल्या हरणाचा त्याच्या खात्यावर काहीच बोजा चढत नसेल, तर त्याने तरी का घ्यावं?

इथपर्यंतची तक्रार किरकोळ आहे. माझा खरा आक्षेप आकड्यांवर आहे. या खेळात हंगाम नाही, परवाना नाही, 'यंदा इतकीच' अशी मर्यादा नाही. एकाच जागी फार मारलीत तर जनावरं ती जागा सोडतात, एवढं आहे. पण मारलेल्याच्या जागी नवं येतंच. त्यातून 'ग्रेट वन' नावाचं प्रकरण निघालं. ठरावीक जातींत एखादंच, अवाढव्य शिंगांचं, दंतकथेतलं वाटावं असं जनावर निघतं, आणि ते निघावं म्हणून लोक त्या जातीचे नर शेकड्यांनी, हजारांनी मारत राहतात आणि मोजणी ठेवतात. प्रत्येक गोळी फुफ्फुसातून आरपार, प्रत्येक प्रगतिपुस्तक पहिल्या वर्गाचं. नीती पाळून केलेला एवढा संहार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

म्हणून भाच्याचं 'सगळ्यात एथिकल' मला मान्य नाही. त्या खेळाची नीती गोळी सुटताना सुरू होते आणि जनावर पडताना संपते. बंदूक खाली घेणं, मादी आहे म्हणून, पाडस आहे म्हणून, उजेड कमी आहे म्हणून, किंवा नुसतंच आज पुरे म्हणून, याला तिथे शून्य गुण. आबांच्या गोष्टींत निम्म्या गोष्टी याच्याच होत्या.

हे खेळात बसवता येत नाही असंही नाही. २०२२ चा 'वे ऑफ द हंटर', स्लोव्हाकियात केलेला, या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. त्यात तरणे, उत्तम नर मारत सुटलात तर कळपाची प्रतच उतरते. म्हातारे, कमजोर निवडून काढावे लागतात, आणि त्यासाठी दुर्बिणीतून बघत बसावं लागतं. हे काही हवेतलं नाही. कॅनडात अल्बर्टामधल्या राम माउंटनवरच्या रानमेंढ्यांचा अभ्यास २००३ मध्ये छापून आला होता. मोठ्या शिंगांचे नरच टिपत राहिल्याने पिढ्या जातील तशी शिंगं लहान होत गेल्याचं त्यात दिसलं.

आणि सगळ्यांत कमी बोलून जास्त काम केलंय ते 'रेड डेड रिडेम्पशन २' ने. तो शिकारीचा खेळ नाहीच, दरोडेखोरांचा आहे. त्यात कॅरोलिना पॅराकीट नावाचे पोपट आहेत. मारत सुटलात तर ते खरंच संपतात, त्या खेळापुरते कायमचे. परत येत नाहीत. खरे कॅरोलिना पॅराकीटही असेच गेले. पिंजऱ्यातला शेवटचा १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. या खेळात ना दंड आहे ना प्रवचन. पुढच्या वेळी त्या दलदलीत गेलात की पोपट नसतात, बस.

हे सगळं पुन्हा निघालं ते सुंदरपतनमुळे. 'कॉल ऑफ द वाइल्ड'चा हा नेपाळचा नकाशा. बर्फाची शिखरं, खाली बारशिंगा, काळवीट, नीलगाय. फार सुंदर केलाय, नुसतं भटकायला मी अजून जातो. पण त्यात वाघ आणि हिमबिबट्याही आहेत, आणि ते मारायचे आहेत. खऱ्या नेपाळात शिकारीचं राखीव क्षेत्र एकच, ढोरपाटन, आणि तिथे भरल अन् झारल या रानबकऱ्या-मेंढ्यांचे मोजके परवाने निघतात. वाघाला हात लावायची सोय नाही. २००९ मध्ये तिथे १२१ वाघ होते, २०२२ च्या मोजणीत ३५५ झाले. त्या ३५५ मागे केवढी राखण झाली असेल! आणि भाच्याने रविवारी दुपारी एक टिपला आणि त्याचा मुंडकं-कातड्यासकट पुतळा आपल्या ट्रॉफी लॉजमध्ये उभा केला.

"मग काय गेममध्ये वाघच नको?" तो म्हणाला.

वाघ हवा. गोळी झाडताही यायला हवी, त्याशिवाय न झाडण्याला अर्थ काय? पण झाडली की रानाने त्याची दखल घ्यावी. वनखात्याची गाडी यावी, बंदूक जमा व्हावी, तो नकाशा बंद व्हावा. आणि ज्याला सरळ शिकार करायची आहे त्याला ढोरपाटनसारखा एका हंगामाला एका भरलाचा परवाना मिळावा. शोधा, चढा, बघा, वय ओळखा, आवडलं नाही तर सोडून द्या.

"मामा, एका भरलासाठी अख्खा सीझन? कोण घेणार असला गेम?"

मी घेईन, आल्याच्या दिवशी, पूर्ण किंमत देऊन. भाचा म्हणतो, तो सेल लागायची वाट बघेल. ताईचं म्हणणं, दोघांनी आधी वाघाचा तो पुतळा काढून टाकावा.