आधी उंबरा, मग धावा

३० ऑक्टोबर २०२५ ची रात्र. महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून जेमिमा रॉड्रिग्ज मैदानातच रडायला लागली आणि इकडे बेळगावच्या वडगावात आमच्या सासूबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. सामन्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. स्मृती मानधना सांगलीची आणि आईंचं माहेरही सांगलीकडचं, एवढ्या एका धाग्यावर त्या रात्रीपर्यंत बसल्या होत्या. टीव्ही बंद केल्यावर म्हणाल्या, "रविवारी फायनल म्हणतेस. तोवर मला शिकव की. नुसतं रडून काय उपयोग?"

हाताशी दोन दिवस होते.

क्रिकेट शिकवायचं म्हटलं की लोक षटक म्हणजे सहा चेंडू, चौकार, षटकार इथून सुरुवात करतात. मलाही तसंच सांगितलं होतं. लहानपणी गल्लीतली पोरं मला खेळायला घेत नसत, पायरीवर बसवून वहीत धावा मांडायला लावत. निर्धाव चेंडूला टिंब, विकेटला फुली. अशी टिंबं मी कितीतरी वह्यांत काढली, पण पळत पोचलेला मुलगा आउट का झाला, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. ते माझं मलाच फार उशिरा कळलं. ते बसवून ठेवणं मला अजून लागतं. म्हणून ठरवलं, आईंना आधी रेघ शिकवायची.

शनिवारी १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची सुटी होती, आमचा माग बंद होता. मी सूत गुंडाळायच्या तीन रिकाम्या कांड्या आणल्या आणि शहाबादी फरशीवर उभ्या केल्या. आईंनी उभा जन्म कांड्या भरल्यात, त्यामुळं स्टंप म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. खरे स्टंप २८ इंच उंच असतात, तिन्ही मिळून रुंदी ९ इंच, वर दोन बेल्स, म्हणजे छोट्या लाकडी दांड्या. कांड्यांच्या पुढं फरशीची सांध होती. तिच्यावर बोट ठेवून म्हटलं, "आई, हा उंबरा. ह्याच्या आत घर."

खेळपट्टीवर अशी दोन घरं असतात, एकेका टोकाला एक. स्टंपपासून स्टंपपर्यंत २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. प्रत्येक उंबरा स्टंपच्या पुढं चार फुटांवर. म्हणजे उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत ५८ फूट. दोन्ही फलंदाजांनी पळत एकमेकींच्या घरात जायचं, की एक धाव. पोचायच्या आधी चेंडूनं त्या घरचे स्टंप पाडले की धावचीत. चेंडू मारायला पुढं गेली, चुकली, आणि मागं यष्टिरक्षकानं चेंडू घेऊन बेल्स उडवल्या, तर यष्टिचीत.

शेजारच्या अक्का तेवढ्यात आल्या. त्यांचं मराठी जेमतेम, माझं कन्नडही तसंच. मी म्हटलं, "अक्का, होस्तिलु." लगेच त्यांची मान हलली. मग त्यांनीच विचारलं, होस्तिलुवर पाय असला तर?

हाच खरा प्रश्न. रेघेवर असणं म्हणजे आत असणं नव्हे. बॅट किंवा अंगाचा काही भाग रेघेच्या आत, स्टंपच्या बाजूला जमिनीला टेकलेला हवा. बॅट हवेत असली तर ती आत गेलेली धरत नाहीत. मात्र पळत किंवा सूर मारून येताना एकदा आत टेकली आणि मग त्याच झोकात उचलली गेली, तर आता आउट देत नाहीत. २०१७ च्या नियमांत हा बदल झाला आणि तो फार न्यायाचा आहे असं मला वाटतं.

गोलंदाजालाही हाच उंबरा. चेंडू टाकताना पुढच्या पायाचा थोडा तरी भाग रेघेच्या मागं हवा. टाच हवेत असली तरी चालते, पण मागं हवी. नाहीतर नो बॉल, एक धाव फुकट, आणि एकदिवसीय सामन्यात पुढच्या चेंडूवर फ्री हिट, म्हणजे धावचीत सोडलं तर त्यावर सहसा बाद होत नाहीत.

आणि समोरच्या टोकाची फलंदाज चेंडू सुटायच्या आधीच बाहेर पडली तर? तिलाही धावचीत करता येतं. भारताच्या विनू मंकड यांनी १९४७ साली सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असं बाद केलं आणि त्यावर आजतागायत भांडणं होतात. २०२२ मध्ये नियमाच्या पुस्तकात हे साध्या धावचीतच्या कलमात घातलं, ते योग्यच झालं. अक्कांचंही मत तेच पडलं: चोरून बाहेर पडायचं आणि वर रागवायचं, हे कसलं?

मग पायचीत. आई रोज 'तरुण भारत' वाचतात, पायचीत, त्रिफळाचीत हे शब्द त्यांना तोंडपाठ. त्रिफळाचीत म्हणजे चेंडूनं सरळ स्टंपच उडाले, ते एका वाक्यात झालं. पायचीतला मात्र अर्धा तास गेला. मी कांड्यांच्या दोन्ही कडांपासून रांगोळीच्या दोन सरळ रेघा पुढं ओढल्या. अक्कांच्या चष्म्याचं घर म्हणजे फलंदाजाचा पाय. सुपारी म्हणजे चेंडू. फलंदाज उजव्या हातानं खेळणारी.

आधी टप्पा बघायचा. तो तिच्या पाठीकडच्या, म्हणजे लेगच्या रेघेबाहेर पडला, तर विषय संपला, नाबाद. मग चेंडू पायाला कुठं लागला ते. दोन रेघांच्या आत लागायला हवा. ऑफच्या, म्हणजे तिच्या तोंडाकडच्या रेघेबाहेर लागला तर ती मारायला गेलीच नव्हती तरच बाद. शेवटी, पाय मध्ये नसता तर सुपारी कांड्यांवर गेली असती का? आणि आधी बॅटला लागला असेल तर पायचीत नाहीच. आईंनी सुपारी हातात घेऊन सात-आठ वेळा सरकवली, चष्म्याचं घर हलवून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पाय आडवा घातला हा गुन्हा नाही. स्टंपवर जाणारा चेंडू अडवला, हा गुन्हा."

वाइड, पॉवरप्ले, लेग बाय मी तेव्हा सांगितलं नाही. ते बघता बघता कळतं.

रविवारी पावसानं सामना उशिरा सुरू झाला. भारताच्या २९८ धावा झाल्या, स्मृतीच्या ४५. पुढं दक्षिण आफ्रिका २४६ वर संपली आणि आपण ५२ धावांनी जिंकलो, पण आईंचा सामना त्याच्या बराच आधी रंगला होता. आफ्रिकेची सलामीची जोडी जमली होती. ब्रिट्स धाव घ्यायला निघाली, अमनजोत कौरनं चेंडू उचलून थेट स्टंपवर मारला. मी तोंड उघडायच्या आत आई ओरडल्या, "उंबऱ्याच्या बाहेर! बाई बाहेर राहिली!" अक्का टाळ्या वाजवत उठल्या.

थोड्याच वेळात श्रीचरणीनं बॉशला शून्यावर पायचीत पकडलं. घरात सगळे नाचत होते. आईंनी हात वर करून आम्हाला गप्प केलं.

"थांबा. टप्पा कुठं पडला ते बघू दे." आणि रिप्ले येईपर्यंत त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली होती.