डीएससीचा फॉर्म आणि माझे तीन नमुने

पीएलए आणि पीसीएल या दोन जैवविघटनशील प्लास्टिकांची मिश्रणं करणं, त्यांच्या फिल्म दाबणं, सगळं बिनबोभाट पार पडलं. गाडी अडली ती वडोदऱ्यातल्या एका चाचणी केंद्रात, डीएससीच्या, म्हणजे नमुना तापवत त्यात जाणारी-येणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीच्या, फॉर्मवर.

फॉर्मवर रकाना एकच: 'पदार्थाचं नाव'. माझ्या तिन्ही पुड्यांत 80 टक्के पीएलए, 20 टक्के पीसीएल. फरक फक्त पीएलएच्या साखळीच्या लांबीचा. काउंटरवरच्या बेन म्हणाल्या, "आ तो बधुं एक ज छे ने!" (हे तर सगळं एकच आहे ना!) आणि दोन नमुने डुप्लिकेट म्हणून रद्द! अहो बेन, लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, स्फटिकापर्यंत सरकायला त्यांना वेळ लागतो. आखूड साखळ्या चटकन जागा धरतात, म्हणून तापवताना त्या कमी तापमानालाच स्फटिक धरू लागतात. माझा अख्खा प्रबंध यावर उभा आहे! "साहेबांना सांगा." साहेब रजेवर. रजा संपल्यावर साहेबांनी विचारलं, "रेणुभार का नाही लिहिला?" रेणुभार म्हणजे साखळीच्या लांबीचंच माप. पण कुठे लिहायचा, तुमच्या कपाळावर? हे अर्थातच मनात. पुन्हा अर्ज, पुन्हा मार्गदर्शकांची सही, पुन्हा रांगेच्या शेवटी. बिल लावताना मात्र प्रत्येक पुडी वेगळी मोजतात, तेव्हा डुप्लिकेट कुणाला दिसत नाही.

शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका दादाने युक्ती सांगितली: पीएलए लिहूच नकोस, तीन वेगळे कोड टाक. टाकले. संगणकाने मुकाट्याने घेतले!

आलेख हातात आले तेव्हा सगळा राग विसरले. आखूड साखळीचं स्फटिकीकरणाचं शिखर डावीकडे, कमी तापमानाला, लांब साखळीचं उजवीकडे, जसं हवं तसंच.

तुम्ही जाणार असाल तर दोनदा तापवायला लेखी सांगा. पहिल्या फेरीत फिल्म कशी दाबली, कशी थंड झाली याचाच ठसा दिसतो; तुलना दुसऱ्या फेरीवर करा. पीसीएल 60 अंशांच्या आसपास वितळतं आणि पीएलएचं काचसंक्रमणही (काचेसारखा कडकपणा जाऊन ते मऊ पडू लागतं ते तापमान) तिथेच, त्यामुळे त्या भागावरून घाईने निष्कर्ष काढू नका. स्फटिकता (पीएलएचा किती भाग स्फटिक झाला ते) काढताना वितळण्याच्या उष्णतेतून तापवताना झालेल्या स्फटिकीकरणाची उष्णता वजा करा, मग 93 जूल प्रति ग्रॅमने (पूर्ण स्फटिक पीएलएची वितळण्याची उष्णता) भागा, आणि 0.8 ने भागायला विसरू नका, मिश्रणात पीएलए तेवढंच आहे.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: मिसळण्यापूर्वी दाणे व्हॅक्यूम ओव्हनमध्ये नीट वाळवा. ओलावा राहिला तर वितळताना साखळ्या तुटतात, आणि मग तुमचा लांब नमुना लांब उरतच नाही.