हजेरीपटावर नसलेली माझी नात

गेल्या जूनमध्ये माझ्या मुलानं नातीचा शाळेतून दाखला काढला. तिसरी झाली होती. चौथीला कुठल्या शाळेत घालताय, असं मी विचारलं, तर सूनबाई म्हणाली, "आई, कुठंच नाही. या वर्षी आम्ही घरीच शिकवणार आहोत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. ३३ वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली ११ नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यांवर आणि उरलेली दिंडोरी तालुक्यात. शिकवण्यात जेवढी वर्षं गेली, तेवढीच पोरं शाळेत आणण्यातही गेली असतील. सकाळी आधी पाड्यावर फिरायचं, दाराशी उभं राहून हाका मारायच्या, नदीवर गेलेल्यांना नदीवरून आणायचं आणि मग हजेरीचा कॅटलॉग उघडायचा. आणि आता माझ्याच घरातलं पोर पटावरून कमी झालं होतं.

दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. नातीच्या दाखल्यात तिथं 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलेलं होतं. मी नोकरीत असताना त्याच रकान्यात किती वेळा 'स्थलांतर' लिहिलं असेल, त्याची मोजदाद नाही.

एक मुलगी मला अजून दिसते. दुसरीतली. धाकट्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत यायची. तो रडायला लागला की उठून दाराशी जायची, त्याला थोपटायची आणि तिथूनच फळ्यावरचं वाचायची. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली आणि तिची जागा रिकामी. पाड्यावर गेले तर घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, टोळी गेली द्राक्षांच्या कामाला. पुढच्या रविवारी मी एसटीनं दिंडोरीकडे उतरले आणि बागा विचारत विचारत त्या कुटुंबापर्यंत पोचले. मुलगी बांधावर बसली होती, भाऊ मांडीवर निजला होता. आई थिनिंगच्या, म्हणजे द्राक्षांचे घड विरळ करायच्या कामातून हात पुसत आली आणि म्हणाली, "बाई, हिला शाळेत ठेवली तर याला कोण पाहील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाटी दिली, दोन पुस्तकं दिली आणि परत आले. ती मुलगी माझ्या शाळेत पुन्हा आली नाही.

म्हणून 'होमस्कूलिंग' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. घरी राहिलेलं मूल म्हणजे गमावलेलं मूल, हेच माझ्या डोक्यात बसलेलं.

मुलाची बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. नात शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. वर्गात मैत्रिणीशी मराठीत बोलली म्हणून तिला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. नंतर रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. रविवारी पोट दुखायचं नाही, एवढंच सुनेच्या लक्षात आलं. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलांना शारीरिक शिक्षा करू नका आणि मानसिक त्रासही देऊ नका, असं स्पष्ट सांगतं. मुलानं ते शाळेत जाऊन दाखवलं. "आमच्या शाळेची शिस्त आहे," एवढंच उत्तर मिळालं. त्यावर त्यानं दाखला मागितला.

वर्ष कसं गेलं? खरं सांगते, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं. सून घरून काम करते. सकाळचे दोन तास तिचे, दुपार माझी. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. १८४० सालची ती संस्था, तिथं बसून या पोरीनं किती पुस्तकं वाचली! पण मी सांगणार आहे ते पावसाळ्याबद्दल.

गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती नाशिककरांना सांगायला नको. गोदावरीला पूर आला की आम्ही आकडे विचारत नाही. मारुतीच्या कुठवर पाणी आलं, ते विचारतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. नातीनं वहीत मारुतीचं चित्र काढलं, त्यावर आडव्या रेघा मारल्या आणि रोज पेपरातला गंगापूर धरणाचा विसर्ग शेजारी लिहायला लागली. चौथ्या दिवशी विचारते, "आजी, क्युसेक म्हणजे किती गं?" मी सांगितलं, सेकंदाला साधारण २८ लिटर. तेवढ्यावर तिचं भागेना. न्हाणीघरातली बादली लिटरच्या मापानं भरून पाहिली. १८ लिटर भरली. मग पाटीवर भागाकार. एका क्युसेकला सेकंदाला दीड बादलीहून थोडं जास्त पाणी. त्या दिवशीचा आकडा हजारांत होता. तिनं गुणाकार केला, उत्तराकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "दर सेकंदाला? एवढ्या बादल्या?" दुपारी मी तिला रिक्षानं गोदाघाटावर नेलं. पोलीस खाली जाऊ देत नव्हते, लांबूनच पाहिलं. मारुतीच्या कमरेला पाणी होतं. तिथंच उभ्यानं तिनं वहीत रेघ ओढली.

दोन इयत्तांचा एक वर्ग मी वर्षानुवर्षं सांभाळला. मध्येच खिचडीचा तांदूळ मोजायचा, मध्येच केंद्रप्रमुखांना माहिती पाठवायची. अशा वर्गात एका मुलीला बादली मोजायला दीड तास मी कधीच देऊ शकले नाही. द्यायची इच्छा असूनसुद्धा.

डिसेंबरात घरात लग्न होतं. भाची जर्मनीहून आली, श्टुटगार्टला असते. तिचा मुलगा दुसरीत. ती पाचच दिवसांसाठी आली आणि मुलाला तिकडेच वडिलांपाशी ठेवून आली. का, तर शाळेनं रजा दिली नाही. लग्नाच्या दिवसापुरती देऊ, म्हणाले, पण शाळा चालू असताना दोन आठवडे भारतात नेता येणार नाही. आमच्याकडे लग्नाला मुलाला नेण्यासाठी कुणी मुख्याध्यापकांची परवानगी मागतं का? भाचीनं सांगितलं की बव्हेरियात सुट्टी लागायच्या आधी विमानतळावर पोलिसांनीच शाळकरी मुलं घेऊन निघालेल्या पालकांना हटकलं होतं.

घरी शिकवणं तर तिकडे जवळजवळ बंदच. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेतच शाळेची सक्ती आली आणि आज ती प्रत्येक राज्याच्या कायद्यात आहे. मूल शाळेत नाही घातलं तर दंड, आणि तरीही ऐकलं नाही तर प्रकरण मुलाच्या ताब्यापर्यंत जातं. एका कुटुंबानं याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. २००६ मध्ये न्यायालयानं जर्मनीचीच बाजू उचलून धरली. जर्मन न्यायालयांचं म्हणणं होतं की समाजात एकमेकांपासून तुटलेले वेगळे समाज तयार होऊ नयेत, मुलांनी वेगळ्या विचारांच्या मुलांबरोबर वाढावं. दुसरं एक कुटुंब २००८ मध्ये सरळ अमेरिकेत टेनेसीला निघून गेलं आणि घरी शिकवता यावं म्हणून तिथं आश्रय मागितला. कोर्टकज्जे सहा वर्षं चालले.

अमेरिकेत १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालेलं होतं. मुलाचा एक मित्र टेक्सासमध्ये राहतो, त्याची दोन्ही मुलं घरी शिकतात. तिकडे सरकारला साधं कळवावंही लागत नाही. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात 'शाळेत किंवा अन्य मार्गाने' असे शब्दच आहेत. फ्रान्समध्ये आधी कळवलं की पुरायचं, २०२२ पासून परवानगी घ्यावी लागते. फिनलंडमध्ये घरी शिकवता येतं, पण मुलाची प्रगती बघायची जबाबदारी पालिकेची.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जेवताना मुलगा आणि भाची यांची यावरून चांगलीच जुंपली. मुलगा म्हणाला, "म्हणजे मुलं सरकारची झाली की! आईबापांचा काही विश्वासच नाही." भाची शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, माझ्या मुलाच्या वर्गात डॉक्टरची मुलगी आहे, बस चालवणाऱ्याचा मुलगा आहे, सीरियातून आलेली दोन भावंडं आहेत. सगळी एकाच वस्तीतली, पायी शाळेत जातात. मला ते हवंय. दहाव्या वर्षी तिकडे मुलांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत घालून त्यांच्या वाटा वेगळ्या करतात, त्याची मला भीती वाटते, ते वेगळं. पण तुला जे स्वातंत्र्य वाटतंय ना, ते स्वातंत्र्य नाही. तुला कुणी विचारायलाच येत नाही, एवढंच आहे."

माझा घास हातातच राहिला.

कारण आपला शिक्षण हक्क कायदा मी नोकरीत असताना पाठ केलेला. १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. पण ही सक्ती सरकारवर आहे: शाळा द्यायची, मूल दाखल झालं, हजर राहिलं, शिकून बाहेर पडलं हे बघायचं. पालकांसाठी १० वं कलम आहे, मुलाला शाळेत घालणं हे त्यांचं कर्तव्य आहे, असं सांगणारं. ते नाही केलं तर काय, हे कायदा सांगत नाही. शिक्षा नाही, दंड नाही. ते एका परीनं बरंच आहे. द्राक्षाच्या बागेत राबणाऱ्या बाईला दंड करून काय मिळणार? पण ज्या फटीतून माझी नात घरी सुखानं बसली, तशाच फटीतून, हा कायदा यायच्या आधीच, ती कडेवर भाऊ घेतलेली मुलगी खाली पडली. नातीपाशी शिकलेली आई होती, निवृत्त शिक्षिका आजी होती, वाचनालय होतं. त्या मुलीपाशी बांध होता. आणि दोघींच्याही दाराशी सरकार आलं नाही. यू-डायस या शाळकरी मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत माझी नात 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे एक शाळा सोडून दुसरीत नाव न लागलेल्या मुलांच्या यादीत गेली, एवढंच झालं.

दरवर्षी २६ जूनला मी मुलांना शाहू महाराजांची गोष्ट सांगायचे. १९१७ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याआधी १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं किमान बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. आपल्या मातीत सक्तीची मागणी कुठल्या सरकारकडून आलेली नाही. ज्यांना शाळेच्या ओट्यावरही चढू देत नव्हते, त्यांच्यासाठी झगडणाऱ्यांनी ती केली. अमेरिकेतल्या माणसाला सक्ती म्हटलं की सरकारी बडगा आठवत असेल. मला आठवते ती बसकरपट्टी. एकाच पट्टीवर सरपंचाचा नातू आणि मजुराची पोर. मुलाला हे कळत नाही, असं मी म्हणत नाही. पण त्याला ते पुस्तकातून कळलंय.

आणि त्याला मी हेही कबूल केलं की त्याच्या मुलीच्या आधीच्या शाळेत तशी पट्टी नव्हतीच. लाखाच्या घरात फी. आमच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या ताईंची मुलगी नातीच्याच वयाची आहे, पण दोघी एका वर्गात कधी बसल्या नाहीत. वेगळे समाज तर आपण फी लावून रोज तयार करतोय.

मार्चमधली गोष्ट. दुपारी मी नातीला त्या बागेत शोधलेल्या मुलीबद्दल सांगत होते. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तिला शोधायला तू गेलीस. मी नाही आले तर मला शोधायला कोण येईल?"

मी म्हटलं, तू तर घरीच असतेस. ती म्हणाली, "तेच ना."

दोन दिवस ते 'तेच ना' डोक्यात राहिलं. शेवटी मी आमच्या भागातल्या महापालिकेच्या शाळेत गेले. मराठी माध्यम, सातवीपर्यंत वर्ग. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, नातीला शनिवारी इतर मुलांबरोबर बसवता येईल का, सत्राअखेर तुमचेच पेपर तिला देता येतील का? बाई भल्या. पण त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्या जागी असते तर मीही सांगितलं असतं: "मॅडम, पटावर नसलेलं मूल वर्गात बसवलं आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? त्यापेक्षा नाव घाला ना. वयानुसार जूनमध्ये पाचवीत घेते." कायद्याच्या चौथ्या कलमात ती सोय आहेच. वर्षभर घरी होती म्हणून कुणी तिला मागच्या इयत्तेत ढकलू शकत नाही.

परत येताना वर्गांवरून नजर टाकली. पाचवीत ३४ पट होता. धुणंभांडी करणाऱ्या ताईंची मुलगी तिथं चौथीत आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. तिनंच मला ओळखलं आणि बाकावरून हात केला.

मुलाला सगळं सांगितलं. वहीतला मारुती, वाचनालय, सकाळचे दोन तास, यातलं काही बंद करायचं नाही, हेही सांगितलं. त्याचं म्हणणं, घरी एवढं चांगलं चाललंय तर कशाला? माझं म्हणणं, घराबाहेरच्या एका माणसाला तरी रोज सकाळी कळलं पाहिजे की ही आज आली की नाही. पुढं तिला पुन्हा घरी शिकायचंच असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, मुक्त विद्यालयातून बसता येतं, त्याला माझी आडकाठी नाही. पण दहा वर्षांच्या पोरीचं नाव कुठल्याच कॅटलॉगात नसावं, हे मला सोसत नाही.

त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. सूनबाई शुक्रवारी माझ्याबरोबर शाळा बघायला येणार आहे. नातीनं दोनच गोष्टी विचारल्या: तिथं मराठीत बोललेलं चालतं का, आणि पूर आला की वर्गातल्या सगळ्यांना मारुती दाखवायला नेतात का. पहिल्याचं उत्तर मी दिलं. दुसरं ती शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाईंना स्वतः विचारणार आहे.