तुम्ही विचारलंत म्हणून : माग्रितची माणसं तोंड का झाकतात?

रसग्रहणाच्या वर्गात अतिवास्तववाद (स्वप्नासारखी, तर्काला न जुमानणारी दृश्यं मांडणारी कलाचळवळ) सुरू झाला आणि पडद्यावर चित्रकार रेने माग्रितचं ‘प्रेमिक’ आलं, की कुणीतरी विचारतंच, “मॅडम, ही झाकलेली तोंडं त्याच्या बुडून गेलेल्या आईमुळे ना?” विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, त्याला फक्त माझी मान हललेली बघायची असते. ती हलत नाही म्हणून मग चहाच्या वेळी मला गाठतात. तेव्हा एकदा सविस्तरच सांगून टाकते.

आधी चित्र बघू. १९२८ सालचं. एक पुरुष आणि एक बाई चुंबन घेताहेत, आणि दोघांचीही डोकी पांढरट कापडात गुंडाळलेली. पुरुषाच्या अंगात काळा सूट, टाय. बाईचा पोशाख लाल, बिनबाह्यांचा. बाजूची भिंत विटकरी, वर छताला लागून पांढरी नक्षीची पट्टी. कापड चेहऱ्यांवर ओढून बसलंय आणि मागे त्याच्या चुण्या पडल्यात. त्या चुण्या इतक्या मन लावून रंगवल्यात, की शिंप्यानेही नाव ठेवू नये. घाव, आक्रोश वगैरे मला तरी त्या चित्रात कुठे दिसत नाही. दिसते ती एक नीटनेटकी, बंद खोली.

आता ती गोष्ट. माग्रित बेल्जियमचा, घरात थोरला. तेरा वर्षांचा असताना, फेब्रुवारी १९१२ मध्ये, त्याच्या आईने शातले गावाजवळ सांब्र नदीत जीव दिला. इथवर सगळं खरं आहे. पुढचा भाग त्याचा कवीमित्र लुई स्क्युतनेर याने लिहून ठेवलाय : रात्री धाकट्याला जाग आली, आई जागेवर नव्हती, घरातली माणसं पावलांच्या खुणांमागे पुलापर्यंत गेली, आणि बाहेर काढलेल्या देहाचा चेहरा झोपण्याच्या झग्याने झाकलेला होता. चेहरा तिनेच झाकून घेतला की पाण्याने, हे कुणालाच कळलं नाही.

इतकी बांधेसूद गोष्ट हाती आल्यावर कोण सोडतो! पण माग्रितचा चरित्रकार डेव्हिड सिल्व्हेस्टर याने तपास केला. ती नाहीशी झाली २४ फेब्रुवारीच्या रात्री आणि देह सापडला १२ मार्चला. म्हणजे सतरा दिवसांनी, प्रवाहात खाली वाहत गेल्यावर. रातोरात पावलांचा माग, पूल, झगा आणि समोर उभा असलेला मुलगा, हे काही त्यात बसत नाही. माग्रितने ते दृश्य डोळ्यांनी पाहिलंच नसावं, असं सिल्व्हेस्टरचं मत. गंमत म्हणजे स्क्युतनेरने आणखी एक नोंद केलीय, तिच्याकडे मात्र कुणी फिरकत नाही. त्या दिवसांतली माग्रितला आठवणारी भावना एकच होती, अभिमानाची. कारण सगळं गाव आपल्याकडे कळवळून बघतंय. तेरा वर्षांच्या पोराचं हे जास्त खरं वाटतं मला.

चित्रकाराचं आयुष्य बघूच नये, असं माझं म्हणणं नाही. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचा १९२५ चा बसचा अपघात बाजूला ठेवून तिची चित्रं बघणं हा आडमुठेपणा झाला. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांचंही तसंच. आई अगदी लहानपणी गेली, तिचा चेहरा आठवत नाही, हे ते स्वतःच सांगत, आणि आपल्या बिनचेहऱ्याच्या मदर तेरेसांशी त्याचा धागाही जोडत. माग्रितला मात्र चित्रांची असली मनोविश्लेषणं अजिबात आवडत नसत. त्याला झाकलेल्या चेहऱ्यांचा शौक लावायला फाँतोमास पुरेसा होता. पहिल्या महायुद्धाआधी फ्रेंच रहस्यकथांमधून आणि मूकपटांमधून गाजलेला हा मुखवट्याचा बदमाश माग्रितचा फार लाडका.

आयुष्यच बघायचं तर त्याची नोकरी बघा, असं मी म्हणते. १९२१च्या सुमारास तो ब्रुसेल्सजवळच्या एका वॉलपेपरच्या कारखान्यात नक्षी काढायला लागला. पुढे पोस्टरं, फरच्या कोटांचे कॅटलॉग, गाण्यांच्या स्वरलिपींची मुखपृष्ठं, पडेल ते काम. १९२७ मध्ये पॅरिसजवळ राहायला गेला, तिथे अतिवास्तववाद्यांचे म्होरके आंद्रे ब्रेतों यांच्याशी बिनसलं. बायकोच्या, जॉर्जेतच्या, गळ्यातला क्रूस ब्रेतोंना खुपला, हे त्याचं निमित्त. १९३० मध्ये ब्रुसेल्सला परतला तो जवळजवळ रिकाम्या खिशाने, आणि भावाला घेऊन परसातल्या शेडमध्ये पुन्हा जाहिरातींचा धंदा मांडला. त्या घरात तो १९५४ पर्यंत राहिला. चित्रं काढायची ती जेवणाच्या खोलीत, सूट घालून. (अतिवास्तववादी म्हणजे विक्षिप्त साल्वादोर दाली, असं समजून त्याच्या मिशांवर वाढलेल्या आपल्या मंडळींची इथे फार निराशा होते.)

हे कळलं की चित्रं वेगळीच दिसायला लागतात. पाइपचं चित्र आणि त्याखाली वळणदार अक्षरात ‘हा पाइप नव्हे’, ही मांडणी सरळसरळ जाहिरातीची : वस्तू मधोमध, पार्श्वभूमी सपाट, खाली एक ओळ. वस्तू चटकन ओळखू आली पाहिजे, म्हणून रंगकामही कसलेही आढेवेढे न घेणारं. आणि ग्राहकाची नजर कशी धरून ठेवायची, हे पोटासाठी शिकलेला माणूस चेहरा झाकतो तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असतं, की बघणारा आता तिथून हलणार नाही. दिसणारी प्रत्येक वस्तू दुसरं काहीतरी झाकत असते आणि आपल्याला ते झाकलेलंच बघायचं असतं, असं तो म्हातारपणी एका मुलाखतीत बोललाही होता. तेव्हा विषय होता त्याच्याच एका चित्रातला, चेहऱ्यापुढे हिरवं सफरचंद तरंगणारा तो टोपीवाला.

सगळ्यात उघड पुरावा म्हणजे १९५३ चं ‘गोवळकोंडा’. हो, आपल्या हैदराबादजवळचाच. काळे ओव्हरकोट आणि गोल टोप्या घातलेली माणसं घरांसमोर हवेत तरंगताहेत. पडताहेत की चढताहेत, काही कळत नाही. त्यांच्यामधली अंतरं बघा. छापील कापडावरच्या बुट्ट्यांसारखी ओळींत, तिरक्या रांगांत बसवलेली आहेत. कारखाना सुटून तीसेक वर्षं झाली होती, पण हाताचं वळण गेलं नव्हतं.

वर्गात आता मी ‘प्रेमिक’नंतर लगेच हेच चित्र लावते. त्याला गोवळकोंडा हे नाव सुचवलं स्क्युतनेरने. उजवीकडच्या घराच्या धुराड्यापाशी जो मोठा माणूस आहे, त्याचा चेहराही स्क्युतनेरचाच. झग्याची गोष्ट सांगणारा हाच, आणि माग्रितने त्याचं तोंड काही झाकलेलं नाही.