सी मिळालेला विषय पुन्हा घ्यावा का?

अमेरिकेत प्रीमेड करणारी, म्हणजे कॉलेजात मेडिकल स्कूलच्या प्रवेशाची तयारी करणारी मुले, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांचे आईवडील, डिसेंबर आणि मे महिन्यांत निकाल लागले की मला एकच प्रश्न विचारतात: केमिस्ट्रीत सी आला आहे, तर मेडिकल स्कूलला अर्ज करण्याआधी तो कोर्स पुन्हा घ्यावा का? मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कमी फीच्या कॉलेजात, बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवते आणि माझ्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गात दर सेमिस्टरला हा विषय दुसऱ्यांदा घेणारे कुणी ना कुणी असतेच, त्यामुळे या प्रश्नावर माझे मत पक्के झाले आहे. ते सांगण्याआधी हिशेब मांडायला हवा, कारण बहुतेक घरांत हा निर्णय ज्या आकड्यांवर घेतला जातो ते आकडे मेडिकल स्कूल पाहतच नाही.

हा घोटाळा होण्याचे एक कारण म्हणजे आपल्या डोक्यात बसलेली परीक्षापद्धती. नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेणाऱ्या विद्यार्थ्याचे नवे गुण ७२० पैकी नव्याने मोजले जातात आणि मागच्या वर्षी किती मिळाले होते हे प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही. अमेरिकेत पाटी अशी कोरी होत नाही. दुसरे कारण इथल्या कॉलेजांनीच निर्माण केलेले आहे. अनेक कॉलेजांत कोर्स पुन्हा घेतल्यास जुनी ग्रेड जीपीएच्या, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीच्या, हिशेबातून वगळण्याची सोय असते, तिला ‘ग्रेड फरगिव्हनेस’ म्हणतात. ट्रान्सक्रिप्टवरचा, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावरचा, आकडा त्यामुळे सुधारलेला दिसतो आणि मूल निश्चिंत होते.

परंतु एमडी या इथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीच्या अभ्यासक्रमाचे बहुतेक अर्ज ज्या सेवेमार्फत जातात ती ‘ॲमकास’ कॉलेजचा जीपीए उचलून वापरत नाही. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही संघटना ती चालवते. विद्यार्थ्याने शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट मागवून, प्रत्येक कोर्सची प्रत्येक वेळची ग्रेड धरून ॲमकास सगळा हिशेब नव्याने करते. अर्जात पुन्हा घेतलेल्या कोर्ससमोर तशी खूण करावी लागते आणि दोन्ही ग्रेड सरासरीत मोजल्या जातात. कॉलेजने ‘माफ’ केलेला सी इथे जसाच्या तसा परत येतो.

माझ्या एका मैत्रिणीचा यावर विश्वास बसेना. तिचा मुलगा तिसऱ्या वर्षाला होता. “अगं, पण ए मिळाला तर तो सी जाईल ना?” असे तिने तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारले. मी म्हटले, “नाही गं, सी जागचा हलत नाही. ए त्याच्या शेजारी येऊन बसतो, एवढेच.” शेवटी कागद घेऊनच बसलो.

प्रत्येक कोर्सला त्याच्या वजनाप्रमाणे क्रेडिट असतात, आणि दर क्रेडिटमागे ए ला ४, बी ला ३, सी ला २ गुण धरतात. समजा, विद्यार्थ्याचे १०० क्रेडिट झाले आहेत आणि जीपीए ३.१ आहे, म्हणजे त्याच्या खात्यात ३१० गुण आहेत. त्यात चार-चार क्रेडिटच्या दोन कोर्सना सी आहे. ते दोन्ही पुन्हा घेऊन त्याने ए मिळवले, तर जुन्या ग्रेड वगळणाऱ्या कॉलेजच्या हिशेबाने १६ गुण जाऊन ३२ येतात आणि जीपीए ३.२६ होतो. ॲमकासच्या हिशेबाने मात्र काहीच जात नाही. ३४२ गुणांना १०८ क्रेडिटने भागायचे, उत्तर ३.१७. एका सेमिस्टरचा बराचसा वेळ आणि दोन प्रयोगशाळांसकट सगळी फी खर्च करून मिळवलेली वाढ ०.०७ एवढी. अलीकडच्या वर्षांत एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७ च्या वर आहे, हे लक्षात घेतले की या वाढीचे मोल कळते.

विज्ञानाचा जीपीए वेगळा काढला जातो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘बीसीपीएम’ म्हणतात. क्रेडिट कमी असल्यामुळे तो थोडा लवकर हलतो. विज्ञानाचे ४८ क्रेडिट २.८ च्या सरासरीने झाले असतील, तर वरचे आठ क्रेडिट मिळवल्यावर तो २.९७ होतो, आणि एकूण ३२ क्रेडिट विज्ञानाचे नवे कोर्स घेऊन सगळ्यांत ए मिळवले तर ३.२८. म्हणजे खरा फरक पडतो तो पूर्ण वर्षभराच्या भरगच्च कामाने. एकदोन कोर्स दुरुस्त करून नव्हे.

ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डॉक्टरकीचीच डीओ ही दुसरी पदवी देणाऱ्या कॉलेजांसाठी परिस्थिती पूर्वी निराळी होती. त्यांची अर्जसेवा ‘अ‍ॅकोमास’ पुन्हा घेतलेल्या कोर्सची शेवटचीच ग्रेड धरत असे, आणि सुरुवातीची वर्षे वाईट गेलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्या आधारावर रस्ता काढला. तो नियम २०१७ साली संपला आणि आता तिथेही सगळे प्रयत्न मोजले जातात. गंमत अशी की जुने सल्ले मरत नाहीत. कुणाच्या तरी चुलतभावाने २०१४ मध्ये केलेली युक्ती आजही जेवणाच्या टेबलावर मोठ्या खात्रीने सांगितली जाते. टेक्सासमध्ये अजून एक वाट आहे: तिथल्या रहिवाशाला ‘ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट’ या कायद्यानुसार दहा किंवा अधिक वर्षांपूर्वीचे सगळे कोर्स बाजूला ठेवण्याची विनंती करता येते आणि तिथली स्वतंत्र अर्जसेवा ती मानते. त्यात चांगल्या ग्रेडही वाईटांबरोबर जातात, तेव्हा ही वाट तिशीपुढे नव्याने सुरुवात करणाऱ्यांची आहे, एकवीस वर्षांच्या मुलांची नाही.

या सगळ्या हिशेबातून एक गोष्ट निघते, जी मला फार महत्त्वाची वाटते. सगळे प्रयत्न मोजले जात असतील, तर जुन्या कोर्समध्ये मिळवलेला ए आणि तितक्याच क्रेडिटच्या नव्या कोर्समध्ये मिळवलेला ए यांचे गणिती वजन अगदी सारखे आहे. दोन्हींनी ३.१ चा ३.१७ च होतो. मग पुन्हा घेण्याच्या बाजूने आकड्यांचा म्हणून काही युक्तिवाद उरतच नाही. उरतो तो एवढाच प्रश्न की त्या विषयातले ज्ञान विद्यार्थ्याला आहे की नाही. आणि माझे मत हे की सी नंतरचा निर्णय केवळ याच प्रश्नावर घ्यावा.

अर्ज वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. एकदा पूर्ण सेमिस्टर ऐकलेल्या विषयात दुसऱ्यांदा ए मिळणे अपेक्षितच असते, त्याचे कौतुक बेताचेच होते, आणि दुसऱ्यांदा बी मिळाला तर तो पहिल्या सी पेक्षाही जास्त खटकतो. त्याऐवजी ऑरगॅनिकमध्ये बी-वजा मिळवलेल्या मुलाने पुढे बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी घेऊन त्यांत ए मिळवले, तर पाया कच्चा राहिला नाही हे आपोआप सिद्ध होते. ॲमकास तपासणीनंतर जो तक्ता तयार करते त्यात पहिले, दुसरे, तिसरे, चौथे वर्ष आणि पदवीनंतरचे कोर्स यांचे जीपीए वेगवेगळ्या ओळींत असतात, त्यामुळे चढती कमान वाचणाऱ्याला सहज दिसते.

पुन्हा घेणे अटळ आहे अशी स्थिती म्हणजे सी-वजा, डी किंवा एफ. आवश्यक विषयांत किमान सी हवा असे अनेक मेडिकल स्कूल स्पष्टपणे सांगतात, तेव्हा तिथे चर्चेला जागा नाही. पूर्ण बी असलेला कोर्स पुन्हा घेण्याचा विचार मात्र डोक्यातून काढून टाकावा. बरीच कॉलेजे तशी परवानगीही देत नाहीत. कठीण निर्णय असतो तो मधल्या पट्ट्यातला, सी आणि सी-अधिकचा, आणि तिथे मी विद्यार्थ्याला जमल्यास जुना पेपर घेऊन यायला सांगते.

एक विद्यार्थिनी दुसऱ्या एका विद्यापीठात ऑरगॅनिकचा पहिला भाग सी ने पास होऊन माझ्या वर्गात आली होती. तिचा जुना अंतिम पेपर आम्ही टेबलावर पसरला. गुण शेवटच्या अवघड धड्यांत गेले असतील अशी तिची समजूत होती, पण पान उलटत गेलो तसे दिसले की गुण सगळीकडे सारखेच गेले आहेत आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चूक एकच आहे. अभिक्रिया कशी घडते हे दाखवण्यासाठी आम्ही वाकडे बाण काढतो. बाण इलेक्ट्रॉन जिथून निघतात तिथून सुरू व्हायला हवा आणि ते जिथे जातात तिथे संपायला हवा. आम्लाकडून प्रोटॉन काढून घेताना बाण आम्लारीवरच्या इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून हायड्रोजनकडे जातो. तिने प्रत्येक वेळी तो हायड्रोजनपासून काढला होता, कारण ‘हायड्रोजन जातो’ असे तिच्या मनात होते. मी तिला विचारले की फिनॉलचा पीकेए (आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे १० आणि इथेनॉलचा सुमारे १६, दोघांतही तोच हायड्रॉक्सिल गट, मग आम्लतेत दहा लाख पटींचा फरक का? आकडे तिला तोंडपाठ होते. कारण सांगता येईना. अभिक्रियांची कार्डे तिने गठ्ठाभर बनवली होती आणि ती सगळी पाठ होती, पण पहिल्या दोन आठवड्यांत शिकवलेली आम्ल-आम्लारीची गोष्ट, जिच्यावर उरलेला विषय उभा असतो, ती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

अशा विद्यार्थिनीने कोर्स पुन्हा घ्यावा, यात मला शंका नाही. ती थेट ऑरगॅनिकच्या दुसऱ्या भागाला किंवा बायोकेमिस्ट्रीला बसली असती तर तिथेही कार्डेच बनवली असती, आणि एमकॅट या मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत, जिथे ४७२ ते ५२८ च्या पट्टीवर नेमके हेच तपासले जाते की उतारा वाचून कारण लावता येते का, तिथेही अडली असती. याउलट ज्याचा पेपर पाहिल्यावर दिसते की पहिल्या दोन चाचण्या उत्तम गेल्या आणि नंतर आजारपणाने किंवा घरच्या अडचणीने महिनाभर वर्ग चुकले, त्याने ते धडे सुट्टीत स्वतः भरून काढून पुढे जावे. दोघांच्याही ट्रान्सक्रिप्टवर सीच असतो. पेपर पाहिल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही. पुन्हा बसणाऱ्यांचा आणखी एक धोका मी वर्गात नेहमी पाहते: पहिले तीन आठवडे सगळे ओळखीचे वाटते, म्हणून गृहपाठ टाळला जातो आणि पहिली चाचणी जेमतेम जुन्याच गुणांवर येऊन थांबते.

पैशाची बाजूही पाहायला हवी. फेडरल आर्थिक मदतीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पास झालेला कोर्स मदतीच्या पैशांतून एकदाच पुन्हा घेता येतो, आणि पुन्हा घेतलेले क्रेडिट ‘घेतलेल्या’ क्रेडिटमध्ये मोजले जात असल्याने मदत चालू राहण्यासाठी लागणाऱ्या प्रगतीच्या प्रमाणावरही त्याचा परिणाम होतो. नावनोंदणीआधी आर्थिक मदतीच्या कार्यालयाकडून याचे उत्तर लेखी घ्यावे. कम्युनिटी कॉलेजात हाच कोर्स पुष्कळ स्वस्त पडतो आणि ॲमकासच्या सरासरीत त्याचे वजन कमी होत नाही. मात्र काही मेडिकल स्कूल मूळ विज्ञानविषय चार वर्षांच्या कॉलेजातच घेतलेले पसंत करतात. मी स्वतः कम्युनिटी कॉलेजात शिकवते, त्यामुळे ही पसंती मला फारशी पटत नाही, पण ती आहे, आणि अर्ज कुठे करायचा हे ठरवताना त्या त्या स्कूलचे नियम वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

पदवी मिळून गेली असेल तर पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतर पदवीस्तरावरचेच कोर्स घेणे, हा मार्ग राहतो आणि ते क्रेडिट पदवीच्या एकूण जीपीएत मिसळतात. मास्टर्सचे क्रेडिट मिसळत नाहीत, त्यांचा जीपीए वेगळा दाखवला जातो. जॉर्जटाउन विद्यापीठाचा १९७५ पासून चालत आलेला स्पेशल मास्टर्स कार्यक्रम याच दुसऱ्या जातीचा. तिथे विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकून आपली कुवत दाखवतात, जुना जीपीए मात्र होता तिथेच राहतो. ज्याचा पदवीचा जीपीए ३ च्या खाली आहे त्याने आधी पोस्ट-बॅकचा विचार करावा, असे मी सुचवते. स्पेशल मास्टर्स महाग असतात आणि तिथे गुण घसरले तर त्यानंतर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

वेळापत्रकाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ॲमकासचा अर्ज मे महिन्याच्या अखेरीपासून भरून पाठवता येतो आणि प्रवेश मिळाल्यास वर्ग पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू होतात. अर्ज पाठवताना ज्या ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर असतील त्यांवरच जीपीए निघतो. त्यानंतर मिळालेल्या ग्रेड स्कूलला पत्राने कळवता येतात, पण ॲमकासचा आकडा त्या वर्षापुरता बदलत नाही. म्हणजे जूनमध्ये अर्ज करून सप्टेंबरमध्ये कोर्स पुन्हा घेतला, तर ज्या आकड्यासाठी तो घेतला त्यात तो धरलाच जात नाही. मैत्रिणीच्या मुलाने म्हणूनच अर्ज एक वर्ष पुढे ढकलला आहे. जुना फिजिक्सचा सी-अधिक तसाच ठेवून त्याने बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजी घेतले आहे, आणि ज्या सेमिस्टरला एमकॅटची तयारी करायची त्या सेमिस्टरला प्रयोगशाळेचा एकही कोर्स घेतलेला नाही. आईला अजूनही वाटते की फिजिक्स पुन्हा घेतले असते तर बरे झाले असते.